पंडिता रमाबाई : दुष्काळ आणि विद्या

टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही म्हण मराठी मनात खोल रुजलेली आहे. थोरांची चरित्रे लिहिताना तिचा आधार सहज घेतला जातो. बालपणी अन्नान्नदशा भोगलेले मूल पुढे मोठे झाले, की त्या दशेलाच त्याच्या मोठेपणाचे श्रेय देण्यात येते. परंतु ज्या दगडाची मूर्ती झाली तेवढाच दगड या म्हणीला दिसतो. त्याच घावांनी ज्यांचे तुकडे झाले, त्यांची गणती ती करीत नाही. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगे आहे. एकाच कुटुंबातील पाच माणसे एकाच वाटेने चालली आणि एकच भूक त्यांनी सोसली. त्यांपैकी तिघे थोड्या अवधीत दुष्काळाच्या फेऱ्यात गेली, चौथा काही वर्षांनी ऐन तारुण्यात गेला, आणि पाचवी तेवढी उरली. त्या पाचवीच्या अंगी पुढे जे बळ दिसले ते भुकेने दिले की भुकेच्या आधी आणि भुकेच्या काळात तिला लाभलेल्या आणखी कशाने दिले, हा या चरित्रातला मूळ प्रश्न आहे. त्याचे उत्तर रमाबाईंनी शब्दांपेक्षा आपल्या कार्याने अधिक स्पष्टपणे दिलेले आहे.

रमाबाईंची कथा त्यांच्या वडिलांपासून सुरू करावी लागते. अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूर प्रांतात स्थायिक झालेल्या चित्पावन घराण्यातले. विद्यार्थिदशेत ते पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी अध्ययन करीत होते. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकविण्यासाठी वाड्यात जात. स्त्री संस्कृत श्लोक शुद्ध म्हणू शकते, ही गोष्ट तरुण अनंतशास्त्र्यांनी तेथे अनुभवली आणि आपल्या पत्नीलाही शिकवावे असे त्यांच्या मनाने घेतले. प्रथम पत्नीच्या बाबतीत घरच्यांच्या विरोधामुळे हा संकल्प सिद्धीस गेला नाही. तिच्या मृत्यूनंतर तीर्थयात्रेहून परतताना गोदावरीकाठी पैठण येथे एका यात्रेकरू ब्राह्मणाने आपली नऊ वर्षांची कन्या त्यांना दिली. त्या वेळी शास्त्रीबुवांचे वय चव्वेचाळीस होते. आजच्या दृष्टीस हा विवाह खटकल्याखेरीज राहत नाही, आणि पुढे बालविवाहाविरुद्ध झगडणाऱ्या रमाबाईंच्या दृष्टीसही या चालीतील अन्याय स्पष्ट होता. मात्र या बालवधूस, म्हणजे लक्ष्मीबाईंस, पतीने संस्कृत शिकविले. आणि तिने ते असे आत्मसात केले, की पुढे आपल्या मुलांची ती स्वतःच गुरू झाली.

स्त्रीला देवभाषा शिकविण्याचा हा उपक्रम भोवतालच्या ब्रह्मवृंदास मानवला नाही. उडुपी येथील विद्वानांपुढे अनंतशास्त्र्यांना आपल्या वर्तनाचे शास्त्राधारे समर्थन करावे लागले. ते त्यांनी केलेही. परंतु नातलगांच्या वस्तीत राहणे त्यांना रुचेना. पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात त्यांनी आश्रमवजा घर बांधले. विद्यार्थी आले, यात्रेकरू आले, अतिथींची वर्दळ सुरू झाली. तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. येईल त्याला अन्न आणि विद्या देण्याच्या व्रतापायी शास्त्रीबुवा कर्जात बुडाले, आणि रमाबाई अवघ्या काही महिन्यांच्या असताना त्या कुटुंबाने गंगामूळ सोडले. वेताच्या पेटाऱ्यात घालून, हमालाच्या डोक्यावरून, तान्ह्या रमाबाईंचा पहिला प्रवास झाला. तेव्हापासून पुढील वीसएक वर्षे त्यांना स्थिर असे घर लाभले नाही.

या कुटुंबाचा निर्वाह पुराणकथनावर चाले. एखाद्या क्षेत्री जावे, देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण वाचावे, श्रोते धान्य, वस्त्र, फळे, नाणी पुढ्यात ठेवतील ती घ्यावी, त्यांतला मोठा भाग दानधर्मात खर्चावा आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा क्रम होता. या फिरस्तीत शाळेचा प्रश्नच नव्हता. वडील वृद्ध झाले होते. त्यामुळे रमाबाईंचे अध्यापन आईकडे आले. मूल सुमारे आठ वर्षांचे झाल्यावर लक्ष्मीबाईंनी शिकवणी सुरू केली. दिवसभर घरकामाचा व प्रवासाचा व्याप असल्याने त्या उजाडण्यापूर्वी उठत, झोपेने जड झालेल्या मुलीला मांडीवर घेऊन गोंजारीत जागे करीत आणि पक्ष्यांचा किलबिलाट सुरू होण्याच्या वेळी तिच्याकडून श्लोक म्हणवून घेत. बारा वर्षांच्या वयापर्यंत भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना मुखोद्गत झाले होते. गावोगाव फिरण्याने कन्नड, मराठी, हिंदुस्थानी या भाषा कानावरून गेल्या आणि जिभेवर बसल्या.

याच काळात घरात घडलेली दुसरी एक गोष्ट रमाबाईंच्या आयुष्याला वळण देणारी ठरली. थोरल्या बहिणीचा, कृष्णाबाईचा, विवाह रूढीप्रमाणे लहानपणीच लावण्यात आला होता. जावयाने सासरेबुवांपाशी राहून विद्या संपादावी असे ठरले होते. पण ते साधले नाही आणि त्या विवाहातून मुलीच्या वाट्यास दुःखच आले. ही पोळी एकदा हाताला भाजल्यावर धाकट्या मुलीच्या बाबतीत शास्त्रीबुवांनी रूढी बाजूस ठेवली. रमाबाई वयात येईपर्यंत अविवाहित राहिल्या. बालपणीच सासरी गेली असती तर ही विद्या अर्ध्यावरच राहिली असती, हे उघड आहे.

तथापि या शिक्षणाची एक बाजू उणी होती आणि तिची किंमत त्या घराने फार मोठी मोजली. मुलांना पुराणे आली, पण पोट भरण्याचा दुसरा कोणताही धंदा आला नाही. लौकिक विद्येचा संसर्ग लागू नये म्हणून त्यांना इंग्रजी शिक्षणापासून दूर ठेवण्यात आले होते. अंगमेहनतीची कामे करणे हे ब्राह्मण्याला आणि पांडित्याला कमीपणा आणणारे, अशी समजूत होती. भीक मागण्याचीही लाज होती. पुराण ऐकणारे श्रोते असतील तोवर हे चालण्यासारखे होते. श्रोत्यांच्याच घरी धान्य उरले नाही तेव्हा काय करावे, याचे उत्तर अठरा पुराणांत नव्हते.

ती वेळ १८७४ च्या सुमारास आली. मद्रास इलाख्यावर दुष्काळाची छाया पसरू लागली होती. १८७६–७८ च्या महादुष्काळात तिने लक्षावधी माणसे गिळली. दक्षिणेतील तीर्थांतून फिरणाऱ्या या कुटुंबाजवळचे पैसे संपले, भांडी गेली, वस्त्रे गेली. देव प्रसन्न व्हावा म्हणून उरलेसुरले दानधर्मात गेले. अनुष्ठाने झाली, उपवास झाले. पण धान्य आले नाही. शेवटी ही पाच माणसे तिरुपतीनजीकच्या अरण्यात शिरली. तेथे अकरा दिवस पाणी आणि रानातील पाने यांवर त्यांनी काढले. वृद्ध आणि दृष्टी गेलेल्या अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचे ठरविले आणि मुलांचा निरोपही घेतला. तेव्हा मुलगा श्रीनिवास याने आपण पडेल ते काम करून आईवडिलांना पोसू असे म्हणून तो बेत मोडून काढला. पण हा निश्चय होईपर्यंत उशीर झाला होता. थोड्याच दिवसांत वडील गेले. काही आठवड्यांनी आई गेली. काही महिन्यांनी कृष्णाबाईही गेली.

आईच्या शेवटच्या दिवसांतील दोन प्रसंग रमाबाईंच्या मनावरून कधीच पुसले गेले नाहीत. आजारी आईने भाकरीच्या तुकड्याची इच्छा दर्शविली तेव्हा सोळा वर्षांची ही मुलगी शेजारच्या एका ब्राह्मण स्त्रीच्या दारी गेली. परंतु मागण्याचा शब्द तोंडातून फुटेना. डोळ्यांतून पाणी वाहू लागले, त्यावरूनच त्या स्त्रीने काय ते ओळखले आणि भाकरी दिली. भाकरी घरी पोहोचली तेव्हा आईत ती खाण्याचे त्राण नव्हते. दुसरा प्रसंग आईच्या अंत्ययात्रेचा. परक्या गावात प्रेत उचलावयास चार ब्राह्मण मिळेनात. कशीबशी दोन माणसे मिळाली, तिसरा श्रीनिवास झाला आणि चौथ्या जागी रमाबाई स्वतः उभ्या राहिल्या. उंची कमी असल्याने तिरडीचा दांडा त्यांच्या खांद्याला लागेना. तो त्यांना डोक्यावर घ्यावा लागला. स्मशान सुमारे तीन मैल दूर होते.

यानंतर भाऊ आणि बहीण अशी दोघेच उरली. त्यांनी दक्षिणेतून उत्तरेकडे आणि तेथून पूर्वेकडे हजारो मैलांची पायपीट केली. पाण्यात भिजविलेले कच्चे धान्य मिठाच्या खड्यासह खाल्ले, रानातील बोरे गिळली. पंजाबात झेलमच्या काठी ऐन थंडीत अंगावर पांघरूण नसल्याने दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि त्यांत शिरून कोरडी वाळू अंगावर ओढून रात्री काढल्या. शरीर झिजत होते, त्याचबरोबर मनातील श्रद्धाही झिजत होती. सांगितलेले प्रत्येक व्रत आणि प्रत्येक दान विधिपूर्वक करूनही आईवडील अन्नावाचून गेले, ही गोष्ट मनातून जाईना. जातीच्या सोवळ्यापायी काम न करता उपाशी राहण्यात कोणता धर्म होता, असाही प्रश्न पडू लागला. पोथीतील वचने ज्यांना तोंडपाठ होती, त्यांनाच पोथी आणि जगणे यांतील अंतर पाहावे लागत होते.

येथे क्षणभर थांबून या बालपणाचा हिशेब मांडणे योग्य ठरेल. भूक, थंडी, अनाथपण आणि अवहेलना या दोघा भावंडांनी सारख्याच सोसल्या, आणि त्यांच्यासारख्याच त्या काळी लक्षावधी मुलांनी सोसल्या. त्यांपैकी बहुतेकांची नावेही उरली नाहीत. भुकेत माणसाला मोठे करण्याचा गुण असता, तर १८७६–७८ च्या दुष्काळाने या देशाला थोर पुरुषांची आणि स्त्रियांची एक अख्खी पिढी दिली असती. प्रत्यक्षात त्याने मागे ठेवली ती ओसाड गावे आणि अशक्त, रोगग्रस्त मुले. रमाबाईंपाशी तीन गोष्टी अशा होत्या, की ज्या दुष्काळाला हिरावून घेता आल्या नाहीत. पहिली, पहाटेच्या अंधारात आईने दिलेली विद्या. दुसरी, आपण शिकण्यास योग्य आहोत हा विश्वास. आईवडिलांनी लोकनिंदा पत्करून शिकविल्यामुळे तो मुलीच्या मनात बालपणीच पक्का झाला होता. तिसरी, भावाची सोबत. एकटे मूल ज्या वाटेवर खचून पडले असते, ती वाट दोघांनी एकमेकांच्या आधाराने पार केली. दुष्काळाने या तिन्ही गोष्टींची पारख केली. त्या निर्माण मात्र त्याने केल्या नाहीत.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. अंगावर जीर्ण वस्त्रे असलेली वीस वर्षांची अविवाहित मुलगी अस्खलित संस्कृत बोलते आणि भागवतातील कोणताही संदर्भ तत्काळ सांगते, हे पाहून तेथील पंडितवर्ग चकित झाला. परीक्षा घेण्यात आली आणि तिला पंडिता व सरस्वती या उपाधी अर्पण करण्यात आल्या. ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी वेदांचा अभ्यास करण्यास सुचविले आणि वेदग्रंथाची प्रत दिली. तोवर स्त्रीला वेदाधिकार नाही ही समजूत रमाबाईंच्याही मनात होती. धर्मशास्त्रांचे वाचन जसजसे वाढत गेले तसतसे स्त्री व शूद्र यांच्याविषयीचे त्यांतील दंडक त्यांना अधिकाधिक टोचू लागले. बंगालमध्ये ठिकठिकाणी त्यांनी स्त्रीशिक्षणावर व्याख्याने दिली.

मे १८८० मध्ये ढाका येथे श्रीनिवासाचे निधन झाले. भाऊ हाच उरलेला एकमेव आप्त होता. त्याच वर्षी रमाबाईंनी सिल्हटकडील वकील बिपिन बिहारी दास मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर कायस्थ, वधू ब्राह्मण. जात वेगळी, प्रांत वेगळा, मातृभाषा वेगळी. अशा विवाहास त्या काळी बहिष्काराखेरीज दुसरे फळ मिळणे शक्य नव्हते. आसामातील काछाडमध्ये त्यांचा संसार सुरू झाला. एप्रिल १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मास आली, आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने बिपिनबाबूंचा अंत झाला. लग्नास दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. तेविसाव्या वर्षी, तान्ही मुलगी पदरात घेऊन, रमाबाई पुन्हा एकट्या झाल्या.

त्या वर्षी महाराष्ट्रातील सुधारकांच्या आग्रहाने त्या पुण्यास आल्या. या वेळी त्यांच्या कृतीत जी गती दिसते ती लक्षणीय आहे. काही महिन्यांतच, जून १८८२ मध्ये, आर्य महिला समाजाची स्थापना झाली. रमाबाई रानडे यांच्यासारख्या स्त्रिया तेथे त्यांच्या सहवासात आल्या. 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग पुण्यास आला तेव्हा रमाबाईंनी मराठीतून साक्ष दिली. मुलींच्या शाळांसाठी स्त्री-शिक्षिका तयार कराव्यात, त्यांवर देखरेखीस स्त्रिया नेमाव्यात आणि स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळावे, असे त्यांचे म्हणणे होते. परक्या पुरुषास दुखणे सांगण्याच्या संकोचापायी किती स्त्रिया मरण पत्करतात, याची जाणीव त्यांना गावोगावच्या भटकंतीत झाली होती. आयोगापुढे बोलणाऱ्या या तरुण विधवेपाशी कोणतीही पदवी नव्हती. अनुभव मात्र होता, आणि तो मांडावयास भाषा होती.

स्वतः वैद्यक शिकावे या हेतूने १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. पुस्तकाच्या विक्रीतून आलेल्या पैशाचा प्रवासखर्चास उपयोग झाला. परंतु कानांच्या दोषामुळे वैद्यकीचा विचार सोडावा लागला. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या, आणि सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. या धर्मांतराने महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली आणि रमाबाईंवरील रोष पुढे कधीच पूर्णपणे ओसरला नाही. दुसरीकडे, आपला विवेक चर्चच्या अधिकाऱ्यांच्या हवाली करण्यासही त्यांनी ठाम नकार दिला, आणि इंग्लंडमधील मार्गदर्शकांशी त्यांचे खटके उडाले. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकल्या आणि तेथे संस्कृतही शिकवू लागल्या. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या. पुढील दोन-अडीच वर्षे अमेरिकाभर फिरून त्यांनी व्याख्याने दिली आणि बालोद्यान शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. तो त्यांनी आईच्या स्मृतीस अर्पण केला आहे. त्या ग्रंथाने जागृत केलेल्या सहानुभूतीतून बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि भारतातील विधवांच्या शाळेला दहा वर्षे साहाय्य देण्याचे तिने मान्य केले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन उघडले. आरंभीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखली जाऊ लागली. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. महाराष्ट्रातील विधवाशिक्षणाच्या दोन प्रवाहांचा हा सांधा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. शारदासदन १८९० मध्ये पुण्यास हलविण्यात आले. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे संस्थेचे अभिवचन होते. मुलींना आपले आचार पाळण्याची मोकळीक होती. तथापि रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेस काही मुली बसतात, हे कळल्यावर वाद पेटला. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. ज्यांनी विश्वासाने मुली पाठविल्या त्यांच्या तक्रारीत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. तसेच, ज्या विधवांना दुसरे कोणतेही दार उघडे नव्हते त्यांचे पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक टीकाकारांपाशी नव्हते, हेही नमूद करावयास हवे.

रमाबाईंच्या बालपणाचा आणि कार्याचा खरा सांधा १८९६–९७ च्या दुष्काळात जुळतो. मध्य प्रांतातील उपासमारीच्या वार्ता आल्या तेव्हा त्यांना तिरुपतीचे अरण्य आठवले. त्या स्वतः तेथे गेल्या. दुष्काळी कामांवर आणि गरीबखान्यांत त्यांनी जे पाहिले ते अनेक निरीक्षकांच्या नजरेतून निसटले असते. अन्नाइतकीच तेथे सुरक्षिततेचीही टंचाई होती. अनाथ मुली आणि तरुण विधवा मूठभर धान्यासाठी कुणाच्याही हाती पडत होत्या. सोळाव्या वर्षी परक्या दारी उभे राहून शब्द न फुटण्याचा अनुभव ज्यांनी घेतला होता, त्यांना या मुलींची अडचण समजावून सांगण्याची गरज नव्हती. सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेगचे निर्बंध कडक झाले आणि इतक्या मुलींना शहरात ठेवणे अशक्य झाले. पुणे–सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे संस्थेच्या उत्पन्नासाठी म्हणून घेतलेली शेतजमीन होती. तेथे तंबू आणि झोपड्या उभारून वस्ती सुरू झाली. हेच मुक्तिसदन. १९०० च्या दुष्काळात गुजरात व राजपुताना येथील मुलींची त्यात भर पडली आणि केडगावची लोकसंख्या दोन हजारांच्या घरात गेली.

या वसाहतीची रचना पाहिली म्हणजे तिच्या मागे एका विशिष्ट बालपणाचा अभ्यास आहे, हे जाणवते. प्रत्येक मुलीला लिहावाचावयास शिकविण्यात येई, आणि प्रत्येक मुलीला हाताचे काहीतरी काम शिकावे लागे. शेती, दूधदुभते, हातमाग, तेलघाणा, धोबीकाम, स्वयंपाक, शिवण ही कामे तेथे चालत. छापखान्यात खिळे जुळविण्यापासून पुस्तकबांधणीपर्यंत सर्व कामे मुली करीत. अंध मुलींसाठी ब्रेल लिपीचे शिक्षण होते आणि त्यांनाही हातकाम शिकविले जाई. वंचनेस बळी पडलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन हे स्वतंत्र घर होते. डोंगरे कुटुंबात विद्या होती आणि श्रमाची लाज होती. त्यामुळे विद्या असूनही ते घर उपाशी मेले. मुक्तिसदनात विद्या आणि श्रम एकत्र आणण्यात आले. डोंगरे भावंडांना दुष्काळात सोबत होती. येथेही थोरल्या मुलींवर धाकट्यांचा सांभाळ सोपविला जाई, म्हणजे कोणतीच मुलगी एकटी राहत नसे. आपल्याला जे मिळाले ते आणि आपल्याला जे मिळाले नाही तेही, अशी दोन्ही माहिती रमाबाईंनी संस्थेच्या पायात घातली. हालांनी त्यांना काही शिकविले असेल तर ते हेच.

त्याचबरोबर हालांचे गोडवे त्यांनी कधी गायिले नाहीत. आपल्या वाट्यास आलेली भूक इतर मुलींच्याही वाट्यास यावी म्हणजे त्या कणखर होतील, असा विचार त्यांच्या एकाही कृतीत आढळत नाही. मुलीला प्रथम खाऊ घालावे, निर्भयपणे झोपता येईल असे छप्पर द्यावे, आणि मग तिच्याकडून अभ्यासाची व कामाची अपेक्षा धरावी, हा क्रम त्यांनी पाळला. मुक्तिसदन उघडपणे ख्रिस्ती संस्था होती आणि तेथील धार्मिक वातावरणाविषयी मतभेद त्या काळीही होते, आजही आहेत. परंतु पुनर्वसनाच्या या पद्धतीचे मोल धर्ममताशी बांधलेले नाही.

आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षे रमाबाईंनी बायबलाच्या मराठी भाषांतरास दिली. खेड्यातील साध्या स्त्रीला कळेल अशी मराठी असावी, या हेतूने त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषा उतारवयात शिकल्या. मनोरमा आईच्या कार्यात सहभागी झाली होती आणि तीच ते पुढे चालवील अशी अपेक्षा होती. पण जुलै १९२१ मध्ये तिचे अकाली निधन झाले. आई, वडील, बहीण, भाऊ, पती आणि शेवटी एकुलती एक मुलगी, असे सर्व मृत्यू रमाबाईंनी पाहिले. त्यानंतरही भाषांतराचे काम त्यांनी थांबविले नाही. शेवटची मुद्रिते तपासून होताच, ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचा मृत्यू झाला.

मराठी समाजाने रमाबाईंची उपेक्षा दीर्घकाळ केली. धर्मांतराच्या रागापोटी त्यांचे नाव स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात कित्येकदा ओझरते येई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्यांच्या लेखनाचा आणि कार्याचा नव्याने अभ्यास होऊ लागला, ही समाधानाची गोष्ट आहे. या अभ्यासात त्यांच्या बालपणाकडे केवळ करुण कथा म्हणून पाहिले जाऊ नये. वंचित मुलांच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्यांना त्यात एक रोखठोक धडा आहे. परिस्थितीशी झुंजणारे एखादे मूल वर आले, की तिने त्याला घडविले असे म्हणून समाज आपली जबाबदारी झटकू शकतो. रमाबाईंना ती सवलत मान्य नव्हती. आपण कशामुळे वाचलो याचा त्यांनी शोध घेतला, आणि जे सापडले ते शेकडो मुलींना वाटून दिले. केडगावची संस्था आजही चालू आहे. पहाटे मुलीला मांडीवर घेऊन शिकविणाऱ्या लक्ष्मीबाई डोंगरे यांचे मात्र कोठे स्मारक नाही; त्यांच्या मुलीचे कार्य हेच ते मानावयाचे.